उभ्यानं घेतलेलं माप

४ एप्रिल, शनिवार

हिची पँट गुडघ्यावर फाटली. फाटली म्हणजे कापड गेलं – शिवण नाही! खिडकीपाशी उजेडात धरून नीट पाहिली. दुहेरी टीप, एक धागा हललेला नाही. मी म्हटलं, “बघ, शिवण कशी शाबूत आहे!” ही म्हणाली, “शिवणीचं कौतुक मागाहून करा. आधी कापूस आणा, रक्त चपलेत उतरतंय.”

वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू सांडलेली. मोटारसायकल घसरली, ही डाव्या गुडघ्यावर आपटली. म्हणे आधी हत्यारांची पिशवी उचलली, मग गाडी, मग स्वतःला. हिचा क्रम असाच असतो. त्यात माझा नंबर कितवा, ते विचारायचं मी केव्हाच सोडलंय.

डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं. “पण बाई, पुन्हा याच गुडघ्यावर पडलात तर –” आणि पुढचं बोललेच नाहीत. डॉक्टरांचं बरं असतं, वाक्य अर्धं सोडतात. घरी येऊन ते पुरं करत बसायचं काम आपलं.

५ एप्रिल, रविवार

मुलीचा फोन. ती परगावी मोठ्या इस्पितळात नर्स – तीही अपघात विभागात. तिच्यापासून पडल्याचं लपवायचं ठरलं होतं. मीच पहिल्या मिनिटात बोलून गेलो. माझ्या पोटात काही राहत नाही.

“आई, गाडी विकून टाक.”

“आणि कारखान्यातली मशिनं? ती काय माझ्याकडे चालत येणार?”

हे खरं आहे. ही शिवणयंत्रं दुरुस्त करते. वडिलांकडून शिकली, आणि वडिलांच्या पश्चात त्यांची सगळी गिऱ्हाइकं सांभाळली. या टोकाच्या कपड्याच्या कारखान्यापासून त्या टोकाच्या पडदे शिवणाऱ्या बायकांपर्यंत सगळीकडे ‘मशिनवाल्या बाई’. आमची गाठही तशीच पडली. माझ्या मशिनचा पट्टा तुटला होता, वडिलांबरोबर ही आली, पट्टा बसवला आणि जाताना म्हणाली, “तेल घालत जा हो, किती कोरडं ठेवलंय!” तेव्हापासून ऐकूनच घेतोय.

शेवटी न्यायाधीशबाईंनी – म्हणजे आमच्या मुलीनं – निकाल दिला. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती येणार. तोवर आईकडे गाडीवर घालायची खरीखुरी पँट हवी, गुडघ्याला ढाल असलेली, आणि ती रोज वापरातली दिसली पाहिजे. नाहीतर गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विकायची. तो बिचारा कधीपासून डोळा ठेवून आहे.

ही म्हणाली, “ठीक.”

नुसतं ठीक! भांडण नाही, टोमणा नाही! फोन ठेवल्यावर मी हिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

७ एप्रिल, मंगळवार

तयार पँट! माझ्या घरात! बाहेर पाटी काय आहे – ‘पँट स्पेशालिस्ट’. आणि स्पेशालिस्टची बायको दुसऱ्याच्या दुकानातून पँट आणणार. लोक तोंडात शेण घालतील.

मी म्हटलं, मीच शिवतो. जाड किंतान घेतो, गुडघ्यावर कापसाची गादी भरतो. ही म्हणाली, “ती घालून मी मशीन दुरुस्तीला नाही, लढाईला जाईन.”

११ एप्रिल, शनिवार

हेल्मेट आणि गाडीवरचे कपडे विकतात त्या दुकानात गेलो. दुकानदार चांगला धिप्पाड, भरघोस मिशा. मी बसनं, ही पण माझ्याबरोबर बसनंच. म्हणाली, गुडघा अजून ठणकतो. नाहीतर एरवी मी बसथांब्यावर आणि ही फुर्र! तीन दशकांच्या संसारात मी एकदाही हिच्या मागे बसलेलो नाही. दोन चाकं स्वतःहून उभी राहतात हेच मला पटत नाही. ही सगळ्यांना सांगते, “आमचे मास्तर गाडीवर बसत नाहीत, गाडीच त्यांच्या छातीवर बसते.”

तर पँटी. पहिली चामड्याची. मी उलटी करून आतली शिवण पाहिली – मानलं! चामड्यावर इतकी सरळ टीप टाकणं खायचं काम नाही. दुकानदार म्हणाला, घसरलात तर याच्यासारखं काही नाही. हिनं दोन बोटांत धरली. “आणि नाही घसरले तर? सिग्नलला उभ्या उभ्या शिजेन त्याचं काय?”

दुसरी जीनची, आत मजबूत धाग्यांचा दुसरा थर. “आत काय भरलंय, गोधडी?”

तिसरी कापडी, मांड्यांवर वारा यायला चेन. “चेन उघडायला वाकू, की गाडी चालवू?”

चौथी जाळीची. ही मात्र हुशार माणसानं बेतलेली. बुडाखाली, गुडघ्यावर, जिथे माणूस घासत जातो तिथे जाड विणीचं कापड, शिवणीला तिहेरी टीप. बाकी ठिकाणी जाळी. गुडघ्याला आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना आत कप्पे, त्यात मऊ ढाली. बोटानं दाबली तर दबतात, आणि दुकानदारानं मूठ मारली तर घट्ट. त्यानं जाळी तोंडापाशी धरून माझ्यावर फुंकर मारली. वारा आरपार! चष्म्यावर वाफ आली.

हिनं पँट उलटसुलट करून पाहिली. म्हणाली, “रंग बरा नाही.”

काळा होता. हिच्या सगळ्या पँटी काळ्या आहेत. मीच शिवल्यात!

शेवटी मीच म्हटलं, बांधा. लांबी चांगली चार बोटं जास्त, कंबर मागून फुगलेली. दुकानदार काहीतरी “बसल्यावर बघा, बसल्यावर” म्हणत होता. मी लक्ष दिलं नाही. लांबी चुकलेल्या मालाबद्दल प्रत्येक दुकानदार असंच काहीतरी बोलतो.

१२ एप्रिल, रविवार

एक गोष्ट कळत नाही. जी बाई कारखान्याच्या इस्त्रीखात्यात, वाफेच्या बंबाशेजारी, भर उन्हाळ्यात पालथी पडून मशिनच्या पोटात हात घालते, तिला पँटीतच एवढं उकडायला कधीपासून लागलं? वय झालं असेल. हे हिला म्हणायची माझी छाती नाही. वहीत लिहितो.

१४ एप्रिल, मंगळवार

आज हात साफ केला!

हिला पाटावर उभं केलं. “ताठ राहा. समोर बघ. पोट आत नको घेऊस, खरं पोट दाखव.” ही म्हणाली, “गिऱ्हाइकांशी पण असंच बोलता?” खडूनं खुणा केल्या. कंबर मागून आवळली. आसन – दोन पायांमधला जोड – थोडं वर घेतलं. लांबी टाचेच्या बरोबर वर, पँटीची असते तशी, आणि जास्तीचं कापून टाकलं. टाकलं म्हणजे डब्यात ठेवलं. शिंपी चिंधी टाकत नसतो.

गुडघ्याच्या ढालीचे कप्पे मला खाली वाटले. उसवून वर घेतले, अगदी वाटीवर. वर दिमाखात दुहेरी टीप.

आणि एक सुधारणा. ती पँट उजेडात धरली तर पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं! चारचौघांत जाणारी बाई. मी आतून पातळ सुती अस्तर लावून टाकलं. तयार माल शिवणाऱ्यांना या गोष्टी सुचत नाहीत. त्यांना गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही ना.

घालून आरशासमोर उभी राहिली. काय फिटिंग! मी शिट्टी वाजवली. ही म्हणाली, “वय काय तुमचं!” पण वळून मागून पण पाहिलंन. मी बघत होतो.

१५ एप्रिल, बुधवार

आज पहिल्यांदा घालून कामाला गेली. संध्याकाळी विचारलं – कशी आहे? म्हणाली, “एकदम छान. हवा खेळते.”

हवा खेळते! मला काय वाटलं ते लिहीत नाही. वही फुगेल.

१७ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्यांना बाळ झालंय. त्याची झोप मोडू नये म्हणून ही सकाळी गाडी सुरू न करता कोपऱ्यापर्यंत ढकलत नेते. येतानाही तसंच. बाई, गुडघा ठणकतो ना तुझा? “तेवढाच व्यायाम.” एवढं प्रेम! आमची मुलगी बाळ होती तेव्हा ही पाळण्याशेजारी बसून मशिनवर हातोडी मारायची.

१८ एप्रिल, शनिवार

घरी यायला उशीर होतो हल्ली. म्हणते काम वाढलंय. मी म्हटलं, पँटीचा पायगुण. हसली नाही.

२० एप्रिल, सोमवार

डोक्यात एक कल्पना आलीय. पाटीवर आणखी एक ओळ – ‘गाडीवरच्या उन्हाळी पँटी फिट करून मिळतील’. रंगाऱ्याला सांगूनही आलो.

आणि बघा, तोंडातून शब्द निघायचा अवकाश, गिऱ्हाईक दारात! आपल्या भागात फिरणारा कुरिअरवाला. दिवसभर उन्हात गाडीवर. त्याचीही तसलीच जाळीची पँट, तशीच लांब, तशीच ढगळ. मी म्हटलं, “काळजीच सोडा. माझ्या मिसेसची मीच केली. आठवडा झाला, तक्रारीचा एक शब्द नाही. आणि आमच्या मिसेसला तुम्ही ओळखत नाही!” त्याला पाटावर ताठ उभं केलं. कंबर, आसन, लांबी, कप्पे वर, आत अस्तर. संध्याकाळी घेऊन गेला. जाताना आरशात बघून खूश होता.

२२ एप्रिल, बुधवार

कुरिअरवाला आला. खूश नव्हता.

“मास्तर, तुम्ही कधी गाडीवर बसलायत का?”

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध?

तो माझ्या स्टुलावर बसला, पाय फाकून, गाडीवर बसतात तसा. आणि मी पाहिलं. पँट पोटरीच्या मध्यावर. पाय उघडा. गुडघ्याची ढाल चढून मांडीवर, आणि गुडघा बिचारा उघड्यावर, समोर नुसतं कापड. कंबर मागून करकचलेली, आसन असं ताणलेलं की माझ्याच अंगावर काटा आला.

“ढगळ होती ती बसण्यासाठीच होती हो! आणि हे अस्तर कुणी सांगितलं? जाळीची पँट घ्यायची आणि खिडक्या लावून घ्यायच्या? काल दुपारी रस्त्याच्या कडेला डोक्यावर पाणी ओतून घेतलं मी. दोन तास नाही सहन झाली!”

मी एवढासा झालो. आयुष्यभर माणसांची मापं उभ्यानं घेतली. पँट म्हणजे उभ्या माणसाची, हे डोक्यात इतकं पक्कं की गाडीवर माणूस बसतो हे ध्यानातच आलं नाही! तो दुकानदार कंठशोष करत होता – बसल्यावर बघा, बसल्यावर. सगळं उसवून, चिंध्या परत जोडून देतो म्हटलं. पैसे नको म्हटलं. रंगाऱ्याकडे धावत जाऊन पाटी थांबवली.

चहा घ्यायला बसलो आणि मग डोक्यात आलं.

त्याला दोन तास नाही सहन झाली. मग ही आठवडाभर ‘हवा खेळते’ कसं म्हणते?

२३ एप्रिल, गुरुवार

ही आंघोळीला गेली तेव्हा हिची पँट खुंटीवरून काढून खिडकीशी नेली.

गाडी चालवणाऱ्याची पँट मला वाचता येते. हिच्या सगळ्या जुन्या पँटी मीच रफू केल्यात. टाकीला घासून आतून गुडघ्यापाशी चकाकी येते. उजव्या पोटरीवर आतून सायलेन्सरचा काळपट डाग. नडगीवर धूळ, शिवणीत बसलेली, ब्रशनं पण जात नाही. इथे काही नाही. नडगी स्वच्छ. आतून कोरी. मात्र उजव्या कमरेवर बाहेरून एक पट्टा घासलेला, तेलकट. हत्यारांच्या पिशवीचा! पण गाडीवर पिशवी मागे कॅरिअरला बांधलेली असते. कमरेवर ती घासते कधी – खांद्याला लावून चाललं तर.

पँट होती तशी खुंटीला लावली. ही बाहेर आली, म्हणाली, “काय झालं? चेहरा असा का?” मी म्हटलं, “उकडतंय.”

पोटात काही न राहणारा मी! ठेवलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

ही गाडी ढकलत गेल्यावर थोड्या वेळानं कोपऱ्यावर गेलो. गॅरेजमध्ये हिची गाडी भिंतीला लावलेली. वर फडकं टाकलेलं, झोपवल्यासारखं.

गॅरेजवाला पान्हा हातात घेऊन उभा. त्याची पंचाईत झाली. “मास्तर, मी बोललो नाही म्हणू नका. वहिनी रोज इथे गाडी लावतात अन् बसनं जातात. संध्याकाळी येऊन ढकलत नेतात. पडल्या त्या दिवसापासून.”

“का?”

“आता काय सांगू. सकाळी येतात, गाडीशेजारी उभ्या राहतात. हँडल धरतात. पाय उचलायला जातात, अन् थांबतात. मग मला म्हणतात, भाऊ, आज राहू दे. मला म्हणाल्या, मास्तरांना सांगाल तर याद राखा.”

पुढे म्हणाला ते जास्त लागलं. बसनं जाऊन निम्मी कामं होत नाहीत. पलीकडच्या कारखान्यानं परवा दुसरा कारागीर बोलावला. हिच्या वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक ते.

घरी येऊन मशिनवर बसलो. एक सरळ टीप टाकता आली नाही.

२५ एप्रिल, शनिवार

आधी राग आला. गॅरेजवाल्याला माहीत आणि मला नाही! मी इथे हवेच्या गप्पा मारतोय, फुगतोय, पाटी रंगवतोय, आणि ही रोज माझी ती जीवघेणी पँट घालून, खांद्याला एवढी जड पिशवी लावून, दुखऱ्या गुडघ्यानं बसथांब्यावर! आठवडाभर ढळढळीत खोटं!

मग राग गेला आणि जे आलं ते फार वाईट. ही घाबरली. ही! जिच्या नाकावर माशी बसत नाही. विजेचा झटका बसला तर मशिनलाच शिव्या देणारी. चामडं गरम, जीन गरम, रंग बरा नाही – आता कळतंय. पँट मिळाली की गाडीवर बसावं लागणार, म्हणून कुठलीच पँट नको होती. आणि बसत नाही म्हणावं तर गाडी जाणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, टेप घेऊन.

तिनं मला का सांगितलं नाही? कारण इतकी वर्षं घाबरट मी आहे. या घरात ती जागा भरलेली आहे.

नाक पुसायला हाताला लागलं तेच घेतलं – अस्तराचं कापड होतं.

२६ एप्रिल, रविवार

सकाळीच म्हटलं, “ती पँट घालून ये. माप परत घ्यायचंय. अंगणात. गाडीवर बसून.”

“कशाला? छान आहे की.”

“एका गिऱ्हाइकानं चूक दाखवली. माप बसून घ्यायचं असतं. गाडी उभ्या स्टँडवर लावलीय, जागची हलणार नाही.”

खूप वेळ आरशासमोर घालवला हिनं. मग आली. हँडल धरलं. मी मुद्दाम दोऱ्याचं रीळ शोधत राहिलो, दुसरीकडे बघत. एकदाचा पाय टाकल्याचा आवाज आला.

समोरच्या घरातल्या आजी गच्चीवरून ओरडल्या, “काय मास्तर, आता गाडीला पण पँट शिवताय का?” हिला हसू आलं नाही.

मी टेप घेऊन खाली बसलो. ढाल मांडीवर चढलेली, पँट पोटरीवर, सगळं त्या कुरिअरवाल्यासारखं. हिनं हँडल इतकं घट्ट धरलेलं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. स्टँडवर लावलेली गाडी! ठरवलं होतं काही बोलायचं नाही. पण माझ्या तोंडाचं काय!

“ही अशी पँट घालून हवा खेळत होती होय?”

मी गुडघ्याची खूण केली. ढालीची खरी जागा उभ्यानं वाटीच्या खाली, म्हणजे बसल्यावर ती बरोबर वाटीवर येते.

“कधी कळलं?” हिनं विचारलं.

“पँटीनं सांगितलं.”

“गॅरेजवाल्यानं नाही ना?”

“त्यानं नंतर. त्याला रागवू नकोस.”

मग एकदम म्हणाली, “रोज ठरवते हो, आज बसायचं. झोपेतून उठतानाच ठरवते. तिथे गेले की ती वाळू दिसते. करकर आवाज येतो तिचा. पाय उचलतच नाही.” आणि मग, “भीती वाटते मला.” असं म्हणाली, जशी चोरी कबूल करावी.

मी काय सांगणार? धीर देण्याची माझी पात्रता काय! मी म्हटलं, “मला तर लग्नाआधीपासून वाटतेय. काही होत नाही. माणूस मरत नाही. बसनं फिरतो फक्त.”

तेव्हा हसली. रडत रडत हसली. आजी वरून बघतच होत्या. मी टेप गळ्यात टाकला आणि वर बघून ओरडलो, “गाडीची कंबर फार भरली, आजी!”

२८ एप्रिल, मंगळवार

अस्तर उसवलं. डब्यातली चार बोटं परत जोडली – बरं झालं चिंधी ठेवली. कप्पे खाली घेतले, मुळात होते तिथेच. कंबर सैल. आसन मोकळं. म्हणजे हिशेब काय, तर जशी दुकानातून आणली होती तशीच पुन्हा केली! फक्त मधे दोन आठवडे आणि एका शिंप्याची मस्ती खर्ची पडली. जोडावर तेवढी माझी तिहेरी टीप आहे.

घालून गाडीवर बसली, स्टँडवरच. ढाल वाटीवर झकास. पंखा आणून समोर लावला मी. “आता?” डोळे मिटून म्हणाली, “आता खरंच खेळते.”

गाडी मात्र सुरू केली नाही.

३० एप्रिल, गुरुवार

आज सुरू केली. गल्लीच्या तोंडापर्यंत. बंद केली. ढकलत परत.

शेजारचं बाळ रडलं. बिचारं, त्याच्या झोपेचं निमित्त केलं होतं हिनं.

१ मे, शुक्रवार

उद्या न्यायाधीशबाई येणार. ही म्हणाली, “खरं सांगून टाकते. पँट आहे, पण बसवत नाही. देऊ या गाडी.” हे बोलताना फडक्यानं टाकी पुसत होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

मी जेवलो नाही नीट. एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. पण ती वहीत लिहायचंही धाडस होत नाही.

२ मे, शनिवार

मुलगी आली तेव्हा दाराला कुलूप होतं.

मी मागे बसलो होतो! त्या वाळूच्या वळणावरून गेलो, आलो. मी पूर्णवेळ डोळे मिटून देवापासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नावानं ओरडत होतो. हिचा शर्ट इतका घट्ट धरला की खांद्याची शिवण उसवली. माझी शिवण! दुहेरी टीप! उसवली!

मुलगी पायरीवर बसलेली. उठून आधी आईच्या गुडघ्यावर टकटक केलं – पास. मग माझी साधी सुती पँट पाहून डोक्याला हात लावला. “बाबा, तुम्ही?! आणि हे घालून?”

मला धाप लागली होती. म्हटलं, “ते राहू दे. गाडी – विकायची का?”

तर ही हेल्मेट काढत म्हणाली, “आता कशी विकणार? हे मागे बसले की एवढे घाबरतात, मला घाबरायला जागाच उरत नाही.”